मी जागाच होतो

यंदाचा पहिला काजळीचा कण माझ्या लेकीच्या, मैत्रीच्या, शाळेच्या शर्टावर पडला. शनिवारची सकाळची शाळा उरकून ती घरी आली, मी शर्ट लगेच धुऊन गच्चीवर वाळत घातला आणि अर्ध्या तासाने पाहते तर पांढऱ्या खांद्यावर तो बसलेला. काळा, हलका, फुंकर मारली तर उडणारा आणि बोट लावलं तर रेघ होऊन राहणारा. म्हणजे कारखान्याचं धुराडं पेटलं. आमच्या कोपरगावात गळिताचा हंगाम सुरू झाल्याचं बायकांना पेपरातून कळत नाही, दोरीवरच्या कपड्यांवरून कळतं. शेजारच्या वहिनी या काजळीला मनापासून शिव्या घालतात. मीही घालते, पण माझ्या शिव्यांत जोर नसतो. तो कण दिसला की मला हसूच येतं. सात वर्षांपूर्वीचा एक हंगाम आठवतो, ज्या हंगामात मी आयुष्यात सगळ्यात कमी झोपले होते.

हंगामात गावाचा वासच बदलतो. सकाळी नदीवर धुकं असतं आणि त्या धुक्यात तापलेल्या रसाचा गोडसर वास मिसळलेला असतो. वारा फिरला की दुपारी मळीचा आंबूस वास येतो, नव्या पाहुण्यांना तो सोसत नाही आणि आम्हाला त्याच्याशिवाय करमत नाही. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जातात, मागे रस्त्यावर उसाची कांडकी पडतात, आणि शाळेतून येणारी पोरं ती उचलून दाताने सोलत घरी पोहोचतात. सगळ्या तालुक्याला तीन पाळ्यांचं वेड लागतं. कुणी सकाळी झोपतो, कुणी दुपारी जेवून कामावर पळतो, चहाच्या टपरीवर एकाच वेळी एकाची पहाट असते आणि दुसऱ्याची रात्र.

आणि अशा या गावात मी झोप आणि जाग मोजण्याचं काम करते. मी मेंदूचा आलेख काढते. त्याला ईईजी म्हणतात, पण आमच्याकडे येणारी माणसं त्याला ‘डोक्याची पट्टी’ म्हणतात. छातीची पट्टी असते तशी डोक्याची. औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमचा दवाखाना आहे, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात आणि बाकीचे दिवस मी, माझं यंत्र आणि एक पलंग. पेशंटच्या डोक्यावर टेपने मापं घ्यायची, पेन्सिलीने खुणा करायच्या, आणि एकवीस ठिकाणी बारीक चकत्या चिकट पेस्टने बसवायच्या. मग पडद्यावर रेघा धावायला लागतात. डोळे मिटून माणूस निवांत पडला, पण जागा असला, की डोक्याच्या मागच्या बाजूला एका लयीत लाटा उमटतात. डोळे उघडले की विरतात. पेंग आली की ती लय तुटते आणि संथ, लोळणाऱ्या लाटा सुरू होतात. झोप खरी लागली की मधूनच बारीक लाटांचा पुंजका येतो, मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळता, चरख्याच्या चातीवर गुंडाळलेल्या सुतासारखा. पंधरा वर्षं हे बघतेय, पण सुताची ती पहिली चाती पडद्यावर आली की अजूनही बरं वाटतं. एक माणूस झोपला, असं वाटतं.

या कामाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. मराठी माणूस सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात निरागसपणे जे खोटं बोलतो ते म्हणजे, “मी जागाच होतो.” आमचे हे रोज टीव्हीसमोर मान छातीवर टाकून बसतात, रिमोट हळूच काढून घ्यायला जावं तर म्हणतात, “असू दे, मी बघतोय.” काय बघताय विचारलं की बातम्या सांगतात, आणि समोर क्रिकेट चालू असतं. सासूबाई म्हणतात, “डोळे मिटून नुसती पडले होते.” हे लोक खोटारडे नाहीत बरं का. त्यांना खरंच तसं वाटतं. मेंदू दोन-चार सेकंदांसाठी दुकान बंद करून जातो आणि परत येऊन फळ्या उघडतो, आणि मालकाला पत्ताच नसतो. थकलेल्या माणसाचे डोळे उघडे असतात, हात कामावर असतो आणि पडद्यावर मात्र पेंगेच्या लाटा लोळत असतात.

काही आजार जागेपणी लपून बसतात. थकलेल्या मेंदूला झोप लागत असताना ते पकडीत येण्याची शक्यता जास्त, म्हणून काही पेशंटना आम्ही सांगतो, आदल्या रात्री अजिबात झोपायचं नाही. केस शाम्पूने धुवायचे, तेल लावायचं नाही, सकाळी चहा घ्यायचा नाही, आणि तसंच आमच्याकडे यायचं. मग इथे येऊन झोपायचं. सांगायला सोपं आहे. पण एका माणसाला रात्रभर जागं ठेवणं हे आमच्या भागात सगळ्या घराचं काम होतं, आणि लोक ते असं काही करतात की ऐकत राहावं. एका आजोबांना घरच्यांनी भुईमुगाचं अख्खं पोतं फोडायला बसवलं होतं. सकाळी पट्टी काढताना त्यांची बोटं आपोआप शेंग फोडल्यासारखी हलत होती आणि माझ्या रेघा बिघडत होत्या. एका बाईला तिच्या चार भावांनी कॅरमच्या स्पर्धेची पंच केलं होतं, ती म्हणाली, “झोपले असते तर हे चौघं मारामारी करून मेले असते.” निवृत्त गुरुजी होते, त्यांना नातवाने सगळे पाढे उलटे म्हणायला लावले. सकाळी गुरुजी टवटवीत होते, नातू मात्र माझ्या बाकावर आडवा.

त्या हंगामात मला मात्र जागं ठेवायला कुणाची गरज नव्हती. मैत्री सहा महिन्यांची होती आणि तिला दात येत होते. एकच दात, खालचा, पण त्याने आमच्या घराचं राज्य घेतलं होतं. हे संगमनेरला बँकेत, सकाळी सातची बस. सासूबाई जमेल तेवढं करायच्या, पण बाईसाहेबांना रात्री मीच हवी असायची. मी कामावर रुजू झाले होते आणि चोवीस तासांत तुकड्या-तुकड्यांनी किती झोपत होते कोण जाणे. एकदा चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि सगळ्यांनी तोंड वाकडं केल्यावर दूध नासलं असेल असं ठामपणे सांगितलं. एकदा दवाखान्यात जाऊन पर्स उघडली तर मोबाईलच्या जागी टीव्हीचा रिमोट. कुणी म्हटलं, “तुझी झोप होत नाही वाटतं,” तर मला राग यायचा. दुसऱ्यांच्या झोपा मोजणारी बाई मी, मला माझं कळत नाही का? मी अगदी व्यवस्थित होते, जागी होते, असं माझं प्रामाणिक मत होतं.

अशाच एका गार सकाळी दवाखान्याखाली एक टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून अकरा माणसं उतरली. सगळी पिवळी. डोकी पिवळी, कपाळं पिवळी, बायकांच्या खांद्यांवर हळद, पुरुषांच्या टोप्यांत हळद. मधोमध पन्नाशीचे एक गृहस्थ, ताठ, डोळे लाल, आणि डोक्यावर भंडाऱ्याचा असा थर की केस आहेत की नाहीत कळू नये. हे माझे पेशंट. नाव आप्पासाहेब. आमच्या जिल्ह्यात बारशालाच साहेब करून टाकतात, त्यामुळे हे कुठले अधिकारी समजू नका. हे साखर कारखान्यात पॅनमन होते.

मी कपाळाला हात लावला. “अहो, केस धुवून यायला सांगितलं होतं ना?”

पुढे आल्या त्यांच्या बायको, अलकाताई. “धुतले की! काल तिनीसांजंला शाम्पूनं चोळून धुतले. भंडारा त्याच्या मागून उधाळला.”

“पण उधळला कशाला?”

“तुमीच म्हनला ना मॅडम, रात्रभर डोळा लागू द्यायचा न्हाई? मंग म्हनलं, जागायचंच हाय तर रात्र वाया कशाला घालवायची? पोरीला पोरगं झालं तवा खंडोबाचं जागरण बोलले हुते, त्याला दोन वर्सं झाली. हंगामात यांना रात्र मोकळी न्हाई, अन् उन्हाळ्यात ह्यो मानूस नऊलाच घोरतो. काल उरकून टाकलं. वाघ्या-मुरळी बोलवली, भावकी बोलवली, लई झ्याक झालं बगा.”

“आणि हे झोपले नाहीत ना?”

“झोपत्यात कशाचं! वाघ्यानं पहाटंपातूर यांच्या कानापाशी दिमडी वाजवली.”

आमच्या घरी देव नाहीत. पण जयंतीच्या आदल्या रात्री आमच्या वस्तीत कुणी झोपलेलं मी लहानपणापासून पाहिलं नाही, त्यामुळे एका कारणासाठी जागायचं असलं की लोकांना बोलवावं, वाजवावं, गावं, हे मला पोटातून कळतं. एकट्याने कसं जागणार माणूस? वैद्यकीय तपासणी आणि नवस एकाच रात्रीत उरकणाऱ्या या बाईचं मला इतकं कौतुक वाटलं की रागवायचं राहूनच गेलं.

मग दवाखान्यामागच्या नळावर तो सोहळा झाला. खालच्या दुकानातून शाम्पूच्या सहा पुड्या आणल्या. आप्पासाहेब बनियनवर उकिडवे बसले, अलकाताई डोकं चोळायला लागल्या आणि भावकी भोवती उभी राहून सूचना करायला लागली. “कानामागं राह्यलं.” “आजून एक पुडी फोड.” “पानी गार हाय, त्याला सर्दी व्हईल.” पिवळं पाणी गटारातून वाहत पार रस्त्यापर्यंत गेलं. एवढ्या गडबडीत आप्पासाहेब एकटेच हसत नव्हते, आणि ते का, हे मला थोड्या वेळाने कळलं.

पलंगावर बसवून मी डोक्याची मापं घ्यायला लागले. मागे कवटीच्या उंचवट्यापाशी भंडाऱ्याची एक कड राहिलीच होती. चकत्या लावता लावता मी त्यांना बोलतं केलं. पॅनमनचं काम काय, ते त्यांनी सांगितलं. उसाचा पाक एका मोठ्या बंद भांड्यात आटवतात, त्याला पॅन म्हणतात, आणि त्या पाकात साखरेचा दाणा धरायची एक नेमकी वेळ असते. ती वेळ घड्याळात नसते. काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घ्यायचा, उजेडासमोर धरायचा, दोन बोटांत चोळून बघायचा. लवकर झालं तरी वाया, उशीर झाला तरी वाया. लक्ष चुकलं की मधेच नको असलेला बारीक चुरा पडतो. त्याला खोटा दाणा म्हणतात.

“सव्वीस हंगाम झाले मॅडम. माज्या पॅनला खोटा दाना म्हनून कुनी दाखवावा.”

“मग हे काय झालं?” मी डॉक्टरांच्या चिठ्ठीकडे बघत विचारलं. चिठ्ठीत लिहिलं होतं की कामावर असताना ते पॅनच्या काचेसमोर उभे होते, शेजारच्याने तीन हाका मारल्या, यांनी ओ दिली नाही. डोळे सताड उघडे. मग एकदम भानावर आले. पॅन तोवर बिघडलं होतं. कारखान्याच्या डॉक्टरांना फिट असल्याची शंका आली, कारण काही प्रकारच्या फिटमध्ये माणूस पडत नाही, नुसता थिजतो. तपासणी होईपर्यंत पॅनवर चढायला बंदी.

“जागाच हुतो,” आप्पासाहेब म्हणाले. “हाक आली न्हाई. आली असती तर ऐकली असती.”

अलकाताई दारातून म्हणाल्या, “सांगा की खरं. स्वोताची पाळी झाली तरी घरी येत न्हाईत. दुसऱ्या पाळीला नवा पॅनमन आलाय, तिकडनं बीडकडनं. यांना त्याच्या हाताचा भरवसा न्हाई. जरा बगून जातो म्हनत्यात, अन् आर्दी पाळी तिथंच. घरी येऊन चार घास खायचे, जरा पडायचं, की परत. दिवाळीपासनं ह्येच चाललंय.”

“तू भाईर बस,” आप्पासाहेब म्हणाले. अलकाताई बाहेर गेल्या. बाहेर एव्हाना सगळी भावकी एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून झोपली होती.

मी यंत्र सुरू केलं. डोळे मिटायला सांगितल्यावर त्या ओळखीच्या लाटा आल्या, उघडल्यावर विरल्या. आप्पासाहेब जागे होते, त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मग मी त्यांना छताकडे बघत राहायला सांगितलं आणि म्हटलं, मी तीन शब्द सांगते, ते लक्षात ठेवा. ही माझी स्वतःची पद्धत आहे, सावकाश सांगते, मध्ये थांबत. गूळ. खिडकी. कुलूप. दुसऱ्या शब्दाच्या वेळी मी पडद्याकडे बघत होते. जागेपणीच्या बारीक रेघा पुसल्या गेल्या, संथ लाटांनी पाच-सहा सेकंद सगळा पडदा व्यापला आणि पुन्हा सगळं जागच्या जागी. त्यांचे डोळे उघडे होते. पापणीसुद्धा पडली नव्हती.

“सांगा शब्द.”

“गूळ. कुलूप.”

“आणि?”

“आनि काय? दोनच तर सांगितले.”

“तीन सांगितले, आप्पासाहेब.”

“न्हाई. दोनच.” त्यांचा आवाज चढला. मग त्यांनी पडद्याकडे बघायचा प्रयत्न केला, वायरींमुळे मान वळेना, म्हणून माझ्या तोंडाकडे बघितलं. चेहरा वाचायला हा माणूस शिकलेला होता, सव्वीस वर्षं पाक वाचत होता. मग हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, एक करा. फिट निघाली तर निघू द्या. झोप नका काडू.”

मला आधी कळेचना. “अहो, फिट निघाली तर पॅनवर परत चढता येणार नाही कदाचित. झोप निघाली तर झोपून बरे व्हाल.”

“चालंल. आजारी मानूस घरी बसला तर लोक भेटाया येत्यात. पॅनमन ड्युटीवर झोपला म्हनल्यावर कोन तोंड बगंल? मीच किती जनांला बोललोय, झोपा काडता व्हय म्हनून. त्या बीडवाल्याला तर चारचौघांत.”

मी तरी काय सांगणार? अहवाल डॉक्टर लिहिणार, लाटा जशा आहेत तशा दिसणार, त्यात माझ्या हातात काही नव्हतं. पण त्या माणसाने आजार मागून घेतला होता, फक्त त्याला पेंगलेला म्हणू नये म्हणून. मला त्यांची दया आली आणि थोडं हसूही आलं, आणि हसू आल्याची लाज वाटली.

आता उरली होती झोप. त्यांना खरी झोप लागून तिच्यातही फिटची खूण दिसत नाही, हे बघायचं होतं. मी दिवा मंद केला, दार लोटलं. रात्रभर दिमडी ऐकलेला माणूस, लागायला हवी होती पटकन. पण नाही. पंचवीस मिनिटं आप्पासाहेब डोळे मिटून पडले आणि पडद्यावर लख्ख जाग. शेवटी मी बाहेर जाऊन अलकाताईंना हलवून उठवलं.

त्या म्हणाल्या, “अवो, हितं लई शांत हाय! आमी कॉलनीत ऱ्हातो, कारखान्याच्या भिंतीला भिंत. हंगामात मिशनरी चालू असली की पोरंबाळं गप झोपत्यात, अन् मधीच बंद पडली की सगळी कॉलनी उठून बसती. ह्या शांततेत त्यांना वाटत आसंल, कारखाना बंद पडला!”

आता ही मिशनरी, म्हणजे यंत्रांची घरघर, कुठून आणायची? पंख्याचा आवाज पुरेना. कूलर लावला असता तर त्याच्या विजेने माझ्या रेघा खराब झाल्या असत्या. अलकाताईंनी खिडकीतून खाली पाहिलं आणि टेम्पोवाल्याला, जो स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला होता, हाक मारली, “ए भाऊ, गाडी चालू कर! जायचं न्हाई, नुसती चालू ठिव!” टेम्पो जुना होता. खिडकीखाली त्याची जी घरघर सुरू झाली, तिने पलंगाचे पायसुद्धा हलके थरथरले. आप्पासाहेबांच्या तोंडून एक उसासा निघाला. तीन मिनिटं. लय तुटली, लाटा लोळल्या, आणि सुताची पहिली चाती पडद्यावर आली.

मी वहीत वेळ टाकली आणि ‘झोप लागली’ असं लिहिलं. खोली उबदार होती. टेम्पो घरघरत होता.

नंतर एकदम टेम्पो बंद पडला. डिझेल संपलं असेल नाहीतर भाऊला दया आली असेल. त्या शांततेने आप्पासाहेब दचकून उठले, “काय झालं? काय बंद पडलं?” मीही ताठ बसले आणि यंत्र बंद केलं. छान झोप मिळाली, काम झालं. मी आनंदात चकत्या काढायला लागले.

तेवढ्यात डॉक्टर आले, बाहेरच्या भावकीला ओलांडत. त्यांनी सगळा आलेख पुढे-मागे करून बघितला, फिटची एकही खूण नाही म्हणाले. मग वही उघडली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “इथून पुढे अठरा मिनिटं एकही नोंद नाही. कूस बदलली, खोकला आला, काही लिहिलेलं नाही. तू कुठे गेली होतीस?”

“कुठे नाही सर. इथेच. मी जागीच—”

वाक्य अर्ध्यावर थांबलं, कारण डॉक्टरांनी वही माझ्यापुढे धरली होती. ‘झोप लागली’ या शब्दांतल्या शेवटच्या वेलांटीतून एक रेघ निघाली होती, आणि ती वेडीवाकडी घसरत, घसरत पानाच्या तळापर्यंत गेली होती. पेन हातातून पडलं नव्हतं. डोळेही मिटले नव्हते, अगदी शपथेवर. पण ती रेघ माझीच होती, आणि अशा रेघा वाचायचा तर मला पगार मिळतो.

मान कशीबशी वर करून मी म्हटलं, “नाही सर. झोपले होते. डोळा लागला माझा. बाळ रात्री झोपू देत नाही.” हे म्हणताना मला रडू येईल असं वाटलं होतं, आणि आलं ते हसू. असं मोकळं हसू की दाराशी उभ्या अलकाताईही हसायला लागल्या. डॉक्टर आधी रागवायला गेले, मग त्यांनाही आवरेना.

आप्पासाहेब हसत नव्हते. केसांत पेस्टचे गोळे, कानामागे हळद, आणि ते एकटक माझ्याकडे बघत होते.

“मॅडम, तुमाला कळलं न्हाई?”

“नाही.”

“डोळे उघडे हुते?”

“मला तरी वाटतं उघडे होते.”

“आनि तुमचं तर कामच हाय ह्ये.” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. त्यांनी वही मागून घेतली, पान उजेडासमोर धरलं, काचेची पट्टी धरत असतील तसं, आणि ती रेघ वरपासून खालपर्यंत पाहिली. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, “लिवा साहेब. झोपलो हुतो म्हनून लिवा.”

डॉक्टरांनी लिहिलं. फिट नाही, झोप अपुरी, आठ दिवस पूर्ण विश्रांती, नंतर एकच पाळी, आणि ती संपली की घर. मला तोंडी सांगितलं की दोन दिवस येऊ नकोस. मी ते दोन दिवस मैत्रीला कुशीत घेऊन झोपले, आणि दुसऱ्या दिवशी उठून बघते तर दात हिरडीतून वर आलेला. तांदळाच्या कणीएवढा.

हंगाम संपता संपता आप्पासाहेब दवाखान्यात आले, टोपी नीट, डोळे स्वच्छ. कागदाच्या पुडीत मूठभर साखर आणली होती. माझ्या टेबलावरच्या काचेवर चिमूटभर पसरून मला खिडकीपाशी बोलावलं. सगळे दाणे एकसारखे, कडा धरलेले, उन्हात चमकणारे.

“बगा. चुरा हाय का कुठं?”

“नाही. फारच सुंदर आहे, आप्पासाहेब.”

“माजा न्हाई. त्या बीडवाल्याचा हाय.” आणि मग मिशीतल्या मिशीत हसले. “मी झोपलो हुतो तवाचा.”

ते वहीचं पान मी डॉक्टरांना विचारून फाडून घेतलं होतं. अजून कपाटात आहे, मैत्रीच्या लसीकरणाच्या कार्डाशेजारी. तिला एकदा दाखवलं, तर म्हणाली, “आई, हे तर मी लहानपणी काढलंय ना?” मी हो म्हटलं. तसं पाहिलं तर तिनेच काढलं होतं.

तर आज शर्टावरची काजळी पाहिली आणि दर हंगामाच्या पहिल्या दिवशी लावते तसा मी कॉलनीत फोन लावला. दुपारचे दोन वाजले होते. अलकाताईंनी उचलला, आणि मागून तो अखंड घरघराट ऐकू आला. त्या इतक्या हळू बोलत होत्या की मला आधी कुणी आजारी आहे असंच वाटलं.

“झोपल्यात वो,” त्या म्हणाल्या. त्या एका शब्दात काय अभिमान होता! “रात पाळी करून आले, जेवले, झोपले. पॅन त्याच्या हातात हाय, त्या बीडवाल्याच्या. उठवू का?”

“नका, नका उठवू. सहजच केला होता. आणि अलकाताई, तेव्हाची ती सगळी गंमत लिहावी म्हणतेय मी, नावं बदलून. चालेल ना त्यांना?”

“चालंल की. तेच म्हनत्यात समद्यांना, मी ड्युटीवर झोपलो हुतो म्हनून वाचलो.”

फोन ठेवला. खाली रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, गाणं लांबत लांबत विरलं. मैत्री चटईवर चित्रं रंगवता रंगवता आडवी झाली होती, तोंड उघडं, पुढचे दोन दात पडलेले, खडू मुठीत. शर्ट काढून आत टांगायला हवा होता. कुकर लावायचा होता. मी जरा टेकते म्हणून तिच्याशेजारी टेकले.

संध्याकाळी हे आले, दिवा लावला आणि गच्चीवरून आणलेला, काळ्या ठिपक्यांनी भरलेला तो शर्ट माझ्यापुढे धरला. “हे काय? झोपली होतीस की काय?”

जुनं वाक्य जिभेवर आलं होतं. पण मी डोळे चोळत, जांभई देत उठून बसले.

“हो,” मी म्हटलं, “चांगली तीन तास झोपले होते.”